वजनकाट्यावर सर



जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ती पांढरी गाडी दरवर्षी येते. मुलं रांगेत उभी राहतात, चप्पल काढून काट्यावर चढतात, दात दाखवतात, डोळे तपासून घेतात. मी टेबलाजवळ बसून नावं पुकारत होतो. सहावीतला एक मुलगा चढला, ५४ किलो. मागच्या रांगेतून हसू आलं. तो मान खाली घालून उतरला आणि पळालाच. मुलं संपल्यावर पथकातले डॉक्टर मला म्हणाले, "सर, तुम्हीपण चढा." चढलो. ५८ किलो. उंची पाच फूट पाच इंच. "वा सर, तुम्ही तर एकदम फिट!"

मी हसलो. खिशात दुपारच्या जेवणाआधी घ्यायची शुगरची गोळी होती. २०१६ पासून आहे.

मला मधुमेह निघाला तेव्हा घरात कोणाचाच विश्वास बसला नव्हता. शुगर म्हणजे जाड माणसाचा, गोडखाऊ माणसाचा आजार, ही आपली सगळ्यांची समजूत. मी तर काडीपैलवान. मिठाई फक्त लग्नात. सायकलवर शाळेत जाणारा माणूस. अमरावतीच्या डॉक्टरांना मी तेच विचारलं की मला कशी काय? त्यांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. हातपाय काटक्या, आणि शर्टाच्या खाली वाटीएवढं पोट. मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दोन माणसं शेजारी शेजारी उभी. एक इंग्रज, एक भारतीय. दोघंही डॉक्टर, दोघंही संशोधक. भारतीय म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्रज म्हणजे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो छापून आला. काटा दोघांना एकच आकडा दाखवतो, आत मात्र दुपटीहून जास्त फरक.

"तुम्ही यातले उजवे," डॉक्टर म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "जन्माचं वजन किती होतं तुमचं?"

आता मी १९७३ च्या जूनमधला. त्या काळी खेड्यात बाळाचं वजन कोण करतं? घरी येऊन आईला विचारलं. आई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होती, पण बहात्तरचा दुष्काळ म्हटला की तिला सगळं कालचं असल्यासारखं आठवतं.

"तू पोटात होता तवा मी खडी फोडाले जात होती. सकाळी मिलोची भाकर, दुपारी कामावर सुकडी भेटे. मिलोची भाकर गरम हाय तोवर खाल्ली तं ठीक, नाई तं चामडं. दूध? दूध कुठचं बावा! बैलाले वैरण नव्हती. तू झाला तवा दाईनं हातात धरला अन् म्हणे, माय, हे पोट्टं तं पंजात मावते."

मिलो म्हणजे अमेरिकेतून रेशनवर आलेली ती लाल ज्वारी. आमच्या पिढीच्या आयांना विचारा, त्यांना तिचा रंग अजून आठवतो. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्या शुगरची गोष्ट आपण समजतो तिथं सुरू झाली नसावी.

मी वाचायला लागलो. मराठीचा मास्तर आहे, वैद्यकीय शब्द अडतात, पण मुलीनं मदत केली. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला. माणसं ट्यूलिपचे कंद खाऊन जगली. त्या उपासमारीत ज्या बाया गरोदर होत्या त्यांची मुलं पुढे १९ व्या वर्षी लष्करभरतीला आली, तेव्हा त्यांची वजनं नोंदली गेली. १९७६ मध्ये त्या नोंदींचा अभ्यास छापून आला. आई गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपाशी राहिली असेल, तर मुलात लठ्ठपणा जास्त! उपासमारीतून लठ्ठपणा. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

पण नेदरलँड्स दूर राहिलं. आपल्याकडचं काम त्याहून जवळचं आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळची सहा गावं घेतली. लग्न झालेल्या बायांची वजनं, उंची, आहार, रक्त हे सगळं गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंदत गेले. सातशेहून अधिक गरोदरपणं त्यांनी अशी पाहिली. या बाया आपल्या गावातल्यासारख्याच. सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोच्या आसपास. आठवीतल्या मुलीचं असावं तेवढं आईचं वजन. शेतात राबायचं, पाणी आणायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायचं.

त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. म्हणजे आपलं बाळ बारीक, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. संशोधकांनी बाळाच्या खांद्याच्या मागे चिमटा घेऊन कातडीखालची चरबी मोजली. इंग्रज बाळापेक्षा आपल्या बाळाचे स्नायू कितीतरी कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी? ती जवळपास टिकून! बाळ हातात घेतलं तर काडी, आत मात्र चरबीचा वाटा जास्त. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांनी अशा बाळाला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं. आपण कृश-स्थूल म्हणू. गर्भाला अन्न कमी पडलं की तो काटकसर करतो, हा त्यामागचा विचार. मेंदू आधी सांभाळायचा, चार दिवसांच्या भुकेसाठी थोडी चरबी राखायची आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याचं कापायचं. आपल्या घरी पगार उशिरा झाला की आपण हेच करतो. पोरांची फी आधी, घराचा रंग पुढच्या वर्षी. फक्त घराला रंग पुढच्या वर्षी देता येतो, मूत्रपिंड पुन्हा बांधता येत नाही.

आता मेळघाटाबद्दल लिहितो. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली.

माझी पहिली नेमणूक धारणी तालुक्यात होती. कोरकू मुलांची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. पुढे आंतरजिल्हा बदलीने अकोल्याला आलो, पण सहा वर्षं तिथं काढली. माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. अक्षर ओळखायचा, दुसऱ्या दिवशी विसरायचा. शांत बसायचा. मुलं पावसात नाचायची तेव्हाही हा ओट्यावर. मी त्याला मठ्ठ म्हणायचो. त्याच्या तोंडावर म्हणायचो. मला वाटायचं, चिडून तरी अभ्यास करेल.

आणि दुसरी गोष्ट. शाळेचा वजनकाटा बिघडलेला होता. आरोग्यपत्रकात दर सहा महिन्यांनी वजन-उंची भरायची असे. मी काय करायचो? मागच्या वेळच्या आकड्यात एक किलो मिळवायचो, उंचीत दोन सेंटिमीटर. सगळ्यांच्या. त्या मुलाच्याही. पत्रकावर तो नियमित वाढत होता. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत.

हे आठवायचं कारण इंग्लंडमधली एक बाई. एथेल मार्गारेट बर्नसाइड. १९११ मध्ये हर्टफर्डशायर परगण्यात तिच्या हाताखाली दाया आणि आरोग्यसेविका होत्या. त्यांना तिनं शिस्त घालून दिली की प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन रजिस्टरात लिहायचं. त्या सायकलवरून गावोगाव फिरायच्या आणि लिहायच्या. ती रजिस्टरं पुढे डेव्हिड बार्कर या संशोधकाच्या हाती लागली. त्यांनी त्या बाळांचं पुढे काय झालं ते शोधलं. बाळं आता साठ-सत्तरीची होती, काही वारलेली. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं, की जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांचं वजन सगळ्यांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मेलेले सगळ्यांत जास्त. आज जगभर या विषयावर जे काम चालतं, त्याची एक मोठी मुळी त्या रजिस्टरांत आहे. त्या बायांनी जर माझ्यासारखं 'मागचा आकडा अधिक एक' केलं असतं तर?

रजिस्टरं भरून आपण सगळेच वैतागलो आहोत, मला माहीत आहे. ऑनलाइन वेगळं, ऑफलाइन वेगळं. तरी वजनाचा रकाना मी आता काट्यावर बघितल्याशिवाय भरत नाही.

त्या मुलाच्या मठ्ठपणाचं काय? मेंदूची वाढ कशी होते हे मला डी.एड.ला शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल आणि मी परीक्षेपुरतं वाचलं असेल. जन्माला बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो. दोन वर्षांत तो पाऊण होतो. पहिलीत येईपर्यंत आकाराने नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे आपण पाटी हातात देतो तोपर्यंत इमारतीचा सांगाडा उभा झालेला असतो. आणि तो उभा करायला लागतं काय, तर अन्न. अमेरिकेतले ख्रिस्तोफर कुझावा यांनी २०१४ मध्ये मांडलं, की चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू त्याच्या अंगाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून जास्त एकटाच खातो. म्हणून त्या वयात अंगाची वाढ मंदावते. बालवाडीतलं पोरगं सकाळी उपाशी येतं तेव्हा उपाशी कोण असतं, ते यावरून कळतं. आयोडीन कमी, लोह कमी, बी-१२ कमी, तर त्या मेंदूतल्या तारांवरचं आवरण नीट बसत नाही. निरोप पोचतो, पण उशिरा. माझ्या त्या विद्यार्थ्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे त्याचं नेमकं कारण मी आज सांगू शकत नाही. पण कारण शोधायच्या आधी मी त्याला नाव देऊन मोकळा झालो होतो.

बी-१२ चं प्रकरण आपल्या घराघरातलं आहे, म्हणून थोडं थांबतो. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. पुण्याच्या त्या गावांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात ते कमी निघालं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्या मुलांच्या अंगात इन्सुलिनचं काम सगळ्यांत अडखळत होतं. (म्हणून गरोदर बाईनं फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही हं! ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी गरजेचीच आहे. बी-१२ चं डॉक्टरांना विचारायचं.) नऊ वर्षांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तर ज्यांच्या आईला गरोदरपणी बी-१२ कमी होतं ती मुलं आकडे लक्षात ठेवण्यात आणि लक्ष टिकवण्यात मागे पडली. म्हणजे शुगर आणि पाढे, दोन्हींची मुळं एकाच गरोदरपणात.

मग याच लोकांनी २०१२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. बाई गरोदर राहिल्यावर गोळ्या देऊन उशीर होतो, म्हणून त्याच अभ्यासात जन्मलेल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ द्यायला सुरुवात केली, आणि त्यांना पहिलं मूल होईपर्यंत दिलं. आजी, आई, नातवंड, तीन पिढ्या एका अभ्यासात. नातवंडांची जन्माची वजनं वाढली नाहीत. हेही त्यांनी सरळ लिहिलं, मला ते आवडलं. पण ज्या आयांना बी-१२ मिळालं त्यांची बाळं दोन वर्षांची झाल्यावर भाषेच्या आणि समजेच्या चाचणीत पुढे निघाली. मुलांची संख्या थोडी होती, तरी दिशा दिसली.

मला यातून माझ्या आठवीतल्या मुली दिसल्या. सोमवारची लोहाची निळी गोळी घेताना तोंड वाकडं करणाऱ्या. उपासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन येणाऱ्या, आणि ज्यांच्या घरचं दूध सकाळी डेअरीवर जातं आणि चहापुरतं मागे राहतं, त्या. शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला, लोकवर्गणीतून करा म्हणाले. अंडं खावं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. न खाणाऱ्याला केळं होतंच. पण केळ्यात बी-१२ नाही, हे पालक सभेत सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही. ताकाबद्दलही सांगतो. वऱ्हाडात ताक-कण्या, ताकाची कढी घरोघर होती. ती गेली कुठं?

आता त्या ५४ किलोच्या मुलाकडे येतो.

तपासणीनंतर मी त्याच्या घरी गेलो. आई-वडील कामावर, घरी आजी. मी विषय काढताच त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आज पायता. म्या त्याले दीड किलोचा पायला हाय. सातव्या महिन्यातच झाला. काचेच्या पेटीत होता महिनाभर. डोळे कसे तं मांजरीच्या पिल्लावानी मिटलेले. तवापासून त्याले मी उपाशी नाई ठेवला एक दिवस."

मी काय बोलणार? ज्या बाईनं दीड किलोचं बाळ जगवलं, तिला 'कमी चारा' म्हणायला मी कोण! तुपाची वाटी, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी पाच-दहा रुपयांचे पुडे. प्रत्येक घासामागे ती काचेची पेटी.

दिल्लीतल्या एका अभ्यासात १४९२ मुलांची जन्मापासून वजनं नोंदली होती. ती मोठी होऊन तिशीच्या आसपास आली तेव्हा त्यांची साखर तपासली. २००४ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्यांना शुगर निघाली किंवा निघण्याच्या बेतात होती, ती तान्हेपणी बारीक होती आणि दोन ते बारा वर्षांच्या दरम्यान त्यांचा बीएमआय भरभर चढत गेला होता. बाराव्या वर्षी त्यांतलं कोणीही नेहमीच्या व्याख्येनं लठ्ठ नव्हतं. म्हणजे नुसता आजचा आकडा बघून भागत नाही, तो कुठून कसा चढला ते बघावं लागतं. ते कळायला दरवर्षीचा खरा आकडा हवा. पुन्हा तेच रजिस्टर.

आपण कुपोषण म्हटलं की मेळघाट आठवतो आणि लठ्ठपणा म्हटलं की शहरातली कॉन्व्हेंटची मुलं. मला हे दोन वेगळे कप्पे आता पटत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण देशात २.१ वरून ३.४ टक्के झालं, आणि त्याच पाहणीत तीनांतलं एक मूल उंचीने खुजं आहे. ही माणसं एकाच घरात राहतात. कधी कधी एकाच शर्टात. माझ्याकडेच बघा.

आणि आणखी एक कबुली. मागच्या गॅदरिंगला नाटकात सावकाराची भूमिका मी त्याच मुलाला दिली होती. पोटाला उशी बांधायचं काम वाचलं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. त्यानं ते ऐकलं होतं की नाही माहीत नाही. त्यानंतर खेळाच्या तासाला तो वर्गातच बसायचा, डोकं दुखतं म्हणून.

ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या पैशानं एक काटा आणला. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही असं ठरवलं. एकेकाला आत बोलवायचं, मीच लिहायचं. तो मुलगा सगळ्यांत शेवटी आला. चढला, उतरला. मी लिहिलं. तो गेला नाही. उभाच.

"सर, तुमचं किती भरते?"

मी चढलो. ५७.६.

"तुम्ही तं बम बारीक आहा, सर."

मी खिशातली गोळी काढून त्याला दाखवली. शुगरची आहे म्हणालो. तो माझ्या पोटाकडे बघत राहिला, मग स्वतःच्या.

"मंग मलेबी होईन?"

"होईलच असं नाही," मी म्हणालो. "उद्या खेळाच्या तासाला मैदानावर ये. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. एकट्यानं कंटाळा येतो."

आला. पहिल्या दिवशी आम्ही मैदानाला दोन चकरा मारल्या. पोरं हसली, मग त्यांना कबड्डीचा डाव होता, विसरली. आता सहा होतात. आजीनं बिस्किटांऐवजी फुटाणे दिले की तो मला मूठभर आणून देतो. वजन अजून ५३ च्या खाली गेलेलं नाही, उंची मात्र दोन सेंटिमीटर वाढली आहे, मोजलेली. चालताना तो मला दुष्काळाच्या गोष्टी विचारतो. मिलोची भाकर खरंच लाल असते का, हे त्याला पटत नाही. रविवारी त्याला आईकडे घेऊन जायचं कबूल केलं आहे.